नगराळे मॅडमची पहाट

माझ्याकडे व्हिजिटिंग कार्डांचा एक अख्खा डबा पडून आहे. कार्डावर माझं नाव, त्याखाली ‘काच-कलावंत, आर्वी’ आणि कोपऱ्यात छानशी पिवळी ज्योत. ही कार्डं मी छापून घेतली तेव्हा काचेबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की ती फुटते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तो नवरा मी.

त्यातलं पहिलं कार्ड मी नगराळे मॅडमच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं आणि म्हणाल्या, “ही ज्योत कोनं काढली?”

“मीच काढली. ड्रॉइंग टीचर हाय मी, आर्वीच्या शाळेत.”

“पिवळी ज्योत म्हनजे निस्ती काजळी. हिच्यावर काच नाई होत, मास्तर. वांगं भाजते.”

कार्ड त्यांनी परत दिलं नाही. चहाच्या कपावर झाकण म्हणून ठेवलं. त्या क्षणापासून मी त्यांचा ‘मास्तर’ झालो आणि मास्तरच राहिलो. मला वाटायचं, कधीतरी त्या मला नावानं हाक मारतील, पण माझं नाव कार्डावर होतं आणि कार्डावर चहा सांडला होता.

मॅडम गेल्या हिवाळ्यात गेल्या. झोपेत, कुणाला कसलाही त्रास न देता. त्यांच्या एकूण स्वभावाला हे अजिबात शोभलं नाही.

प्रमिला नगराळे हे त्यांचं पूर्ण नाव. वर्ध्यातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या काचेची उपकरणं बनवायच्या आणि दुरुस्त करायच्या. ते करता करता सुट्टीच्या दिवशी काचेची पानं, पाखरं, दिवे बनवू लागल्या, मग रंगीत काचेच्या खिडक्या. निवृत्तीनंतर सावंगी मेघेला त्यांनी टिनाचं शेड घातलं. चारी बाजूंना डॉक्टर होणाऱ्या पोरांच्या खोल्या, मेस, झेरॉक्सची दुकानं, आणि मधोमध हे शेड. आतून सतत भप्‌भप्‌ आवाज यायचा. नवीन भाडेकरूंना वाटायचं, इथे गॅस सिलेंडर भरून मिळतो. ते रिकामे सिलेंडर घेऊन यायचे आणि बोलणी खाऊन जायचे.

अंगानं उंच, रुंद. साडीवर पुरुषी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. केस अगदी बारीक कापलेले, कारण एकदा ते पेटले होते. आवाज असा, की शेजारच्या मेसमधल्या बाईनं पोळ्या किती लाटायच्या हेही मॅडमच सांगत असल्यासारखं वाटावं. नाश्त्याला तर्री-पोहे, दुपारी चहा आणि गोरसपाक, म्हणजे वर्ध्याचं ते खुसखुशीत बिस्किट. गोरसपाक त्या चहात बुडवायच्या आणि मनात काहीतरी मोजायच्या. तो गळून कपात पडायच्या नेमक्या आधी बाहेर काढायच्या. “काचेचंबी असंच असते,” म्हणायच्या. मी बुडवलेला गोरसपाक दर वेळी कपाच्या तळाशी सापडायचा.

शिकायला गेलो तेव्हा माझी कल्पना अशी होती, की पहिल्या रविवारी फुलदाणी, दुसऱ्या रविवारी झुंबर. मॅडमनी माझ्या हातात काचेची एक थंड कांडी दिली. दोन्ही टोकं दोन हातांत धरायची आणि फिरवत राहायची. बस. ज्योतीजवळ फिरकायचं नाही.

“दोन्ही हात एका चालीनं चालले पायजे,” त्या म्हणाल्या. “नवरा-बायकोवानी. एक पुढं पळाला तं मधातलं लेकरू वाकडं होते.”

“किती दिवस फिरवू?”

“लग्न किती दिवस चालते?”

मग मी आर्वी ते वर्धा एसटीत कांडी फिरवू लागलो. खिडकीजवळ बसायचं, डोळे अर्धवट मिटायचे आणि दोन्ही हातांची बोटं चालवत राहायची. एका रविवारी कंडक्टरनं तिकीट देता देता विचारलं, “गुर्जी, कोनतं पारायन चालू हाय?” मी त्याला ही कलेची साधना असल्याचं सांगितलं. त्यानं समजूतदारपणे मान हलवली आणि माझ्या शेजारच्या सीटवर कोणालाच बसू दिलं नाही. सोयाबीनच्या दिवसांत, गाडीत पाय ठेवायला जागा नसताना, माझ्या बाजूची सीट रिकामी असायची. कलेचा मला झालेला पहिला फायदा तो.

शेवटी ज्योतीजवळ बसायची परवानगी मिळाली. वितळलेली काच मधासारखी असते. ती खाली ओघळू पाहते आणि आपण फिरवत राहून तिला जागेवर ठेवायचं असतं. माझा पहिला मणी शेंगदाण्यासारखा झाला, दुसरा वांग्यासारखा, तिसरा आल्यासारखा. माझी प्रगती सरळ भाजीबाजाराच्या दिशेनं चालली होती. मग एके दिवशी चुकून एक मणी गोल झाला. चांगला गोल. मी तो घेऊन शेडभर नाचलो. मॅडमनी तो पाहिला, बाजूला ठेवला.

“आता असाच आनखी एक कर.”

झाला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढे बरेच दिवस नाही.

“एक चांगली वस्तू तं माकडाच्या हातूनबी होते, मास्तर. तीच परत करून दाखवली, तं तो कारागीर.”

मे महिन्यात त्या शेडमध्ये काय होत असेल याची कल्पना वर्ध्यात मे काढलेल्या माणसालाच येईल. वरून टिन तापलेलं, समोर ज्योत, आणि पंखा बंद. वारा लागला की तापलेली काच तडकते, म्हणून पंखा बंद. मी एकदा मोठ्या धिटाईनं कूलरचा विषय काढला. मॅडम म्हणाल्या, “लाव ना. पन तोंड काचेकडं नोको करू, तुह्याकडं बी नोको. शेजारच्या मेसकडं कर.” त्यांना घाम येत नसे असं नाही. घामाशी त्यांचं भांडण नव्हतं, एवढंच.

माझा सगळ्यात मोठा पराक्रम भट्टीचा. बनवलेली वस्तू भट्टीत ठेवून हळूहळू निववावी लागते. घाई केली की आतल्या आत ताण राहतो आणि काच कधीतरी आपोआप फुटते. मी महिनोन्‌महिने खपून एक सुरई केली होती. भट्टी निवायला वेळ होता. मॅडम बाजारात गेल्या होत्या. मी म्हटलं, नुसतं झाकण किलकिलं करून पाहतो. टक्‌ असा आवाज झाला. मॅडम आल्या, त्यांनी आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“बाळंतिनीच्या खोलीत असा घुसते का कोनी?” एवढंच म्हणाल्या. मग स्वतःच चहा केला आणि मला दोन गोरसपाक दिले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दोन गोरसपाकांनी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेही दोन्ही कपातच पडले.

मॅडमच्या शेडचा एक रिवाज होता. कोणीही येवो, समोर वस्तू ठेवली की त्यानं आधी तिच्यातली खोट सांगायची, मग बाकीचं. “पह्यले खोट सांग.” खोट सांगितली तर चहा. नुसतंच कौतुक केलं तर पाणी. मोठी मोठी माणसं पाण्यावर परत गेलेली मी पाहिली आहेत. एकदा सावंगीच्या दवाखान्यातली डोळ्यांची एक तरुण डॉक्टर आली. सांगलीकडची, नवीनच. काचेचं पिंपळपान हातात घेऊन ती म्हणाली, “अप्रतिम!” मी मनातल्या मनात तिच्यासाठी पाण्याचा ग्लास भरला. तसंच झालं.

मी मात्र खोटी काढण्यात तरबेज झालो होतो. जोड जाड आहे, कड बोचरी आहे, पानाचा देठ डावीकडे कललाय. बनवता येत नसलं की खोटी फार पटकन दिसतात. रंगाबद्दल मात्र कोणीच कधी खोट काढली नाही. रंग हा मॅडमचा प्रांत होता. त्यांचा निळा प्रसिद्धच होता. सुरुवातीला त्यांच्या कामात सगळेच रंग असत, पण गेल्या काही वर्षांत निळा वाढत गेला होता. काच त्या फिरोजाबादच्या एका व्यापाऱ्याकडून पोत्यानं, चिठ्ठ्या नसलेली आणायच्या आणि खिडकीत धरून नजरेनं निवडायच्या. बोटं आपोआप निळ्याकडे जायची.

नागपूरला त्यांचं प्रदर्शन झालं तेव्हा पुस्तिकेतला लेख मी लिहिला. न विचारता. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे, कारण ते मी बऱ्याच लोकांना म्हणून दाखवलं होतं: ‘नगराळे यांच्या निळ्यात वैदर्भीय आकाशाचा वैश्विक एकांत आहे.’ मॅडमनी तो लेख लांब धरून, जवळ धरून वाचला.

“हे माह्याबद्दल हाय?”

“हाव, मॅडम.”

“मंग मले काऊन नाई समजलं?”

पण लेख गाजला. आमच्या गाजण्याचा अर्थ, चार ओळखीच्यांनी फोन केले. मीही मग निळाच वापरू लागलो. निळे मणी, निळे दिवे, निळी वांगी. नागपूरच्या एका दुकानवाल्यानं ते पाहून विचारलं, “सर, ही नगराळे घराण्याची शैली का?” मी मान लववून हो म्हणालो.

अशात विहाराचं काम आलं. हिंगणीकडच्या एका गावात, बोर धरणाच्या रस्त्याला, नवीन विहार बांधला होता. पूर्वेच्या भिंतीत मोठी खिडकी, आणि तिच्यात रंगीत काच बसवायची. समितीचे अध्यक्ष सुखदेवराव स्वतः आले. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. समोर ठेवलेल्या दिव्यात त्यांनी ताबडतोब खोट काढली आणि चहा मिळवला.

मॅडमनी काढलेलं चित्र साधं होतं. बोधिवृक्षाच्या फांद्या, पानं, आणि पानांच्या मागून उजाडणारं आकाश. रात्र संपून सिद्धार्थाचा बुद्ध झाला ती पहाट. एरवी त्या चित्राबद्दल कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या.

“माहा बाप दीक्षा घेऊन नागपूरहून घरी आला. माय म्हने, काय झालं तठी, सांगा ना. तो खाटेवर बसला अन्‌ एकच शब्द बोलला. ‘उजाडलं.’ बस. बाकी मंग जल्मभर त्यानं दुसरं काई नाई सांगतलं.” त्यांनी पेन्सिलीनं चित्रातल्या आकाशावर टकटक केलं. “हे मले जमलं पायजे, मास्तर. बाकी काई नाई जमलं तरी चालते.”

पाऊसकाळ आणि हिवाळा त्या खिडकीत गेला. काच कापायची, शिशाच्या पट्ट्यांत बसवायची, जोडांवर कथील वितळवून डाक द्यायचा. डाक देण्याचं थोडं काम मला मिळालं. एकूण खिडकीत जे जोड सगळ्यात फुगलेले आहेत, ते माझे.

उद्घाटनाच्या सकाळी पडदा सरकला. पूर्वेचं ऊन आत आलं आणि अख्खा विहार निळा झाला. फरशी निळी, भिंती निळ्या, बायकांची पांढरी लुगडी निळी. मग पुढं बसलेल्या यमुनाबाई, गावातल्या सगळ्यात वयस्क, हात जोडून म्हणाल्या, “माय वो! पुनवेचं चांदनं कसं उतरलं!”

“पहाट हाय ते,” मॅडम म्हणाल्या.

“हाव ना, ताई,” सुखदेवराव समजुतीच्या सुरात म्हणाले, “पहाटेचं चांदनं.”

मग माझं भाषण झालं. मी चित्र पाहिलेलं होतं, खाटेवर बसलेल्या वडिलांची गोष्टही ऐकली होती. पण समोर एवढा निळा पसरलेला बघून मला वाटलं, कलावंताचं मन, बदललं असेल. मी वैशाखी पौर्णिमेच्या शीतल चांदण्यावर बराच वेळ बोललो. वैश्विक एकांतही आणला. टाळ्या चांगल्या पडल्या.

परतल्यावर सावंगीला गाडीतून उतरताना मॅडम म्हणाल्या, “मास्तर, तुलेबी रात्रच दिसली?”

मी म्हणालो, “फार सुंदर रात्र, मॅडम.”

त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी चहाही नाही आणि पाणीही नाही.

थोड्या दिवसांनी ती डोळ्यांची डॉक्टर पुन्हा आली, आईला भेट द्यायला काहीतरी न्यायचं म्हणून. मॅडमनी तिच्यापुढे दिवा ठेवला. “पह्यले खोट सांग.” डॉक्टरनं दिवा पाहिलाच नाही. ती मॅडमकडे पाहत होती. मॅडम कपात चहा ओतत होत्या आणि तो कपाच्या बाजूला पडत होता.

“खोट काचेत नाही, मॅडम,” ती हळूच म्हणाली. “तुमच्या डोळ्यांत आहे. दोन्ही.”

मॅडमनी तिला चहा दिला. अख्खा कप.

मोतीबिंदू. जन्मभर ज्योतीपुढे बसणाऱ्यांना तो होतो म्हणे. आधी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटल्यावरच्या रविवारी मी गेलो, तर शेडमधल्या सगळ्या वस्तू जमिनीवर मांडलेल्या आणि मॅडम मधोमध पाटावर बसलेल्या.

“ये, मास्तर. मले पांढरी काच दे.”

मी इकडेतिकडे पाहिलं. पांढरं असं काहीच नव्हतं. त्यांनी ज्या खणावर ‘पांढरा’ असं लिहिलं होतं, त्यात सगळी फिकट निळी काच होती. मला ते नेहमीच दिसत होतं. मला वाटायचं, मोठ्या कलावंताचं पांढरं असंच असतं.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी शांतपणे. डोळ्यातलं भिंग वर्षानुवर्षं पिवळं होत गेलं. इतकं हळूहळू, की कळलंच नाही. पांढरी काच पिवळट दिसायची, म्हणून त्या निळसर घ्यायच्या, तेव्हा कुठे ती पांढरी वाटायची. निळी काच मळकी दिसायची, म्हणून आणखी निळी घ्यायच्या. हे सांगून झाल्यावर त्या माझ्याकडे पाहून हसू लागल्या. हसता हसता खोकला आला.

“तुह्या त्या वैश्विक एकांताले, मास्तर, डाक्टर मोतीबिंदू म्हनते!”

मीही हसलो. दुसरं करणार काय? एका बाईचा मोतीबिंदू मी शैली म्हणून छापून आणला होता आणि स्वतःचे डोळे धडधाकट असताना त्याची नक्कल करत होतो. घराण्याचा उत्तराधिकारी मीच.

पण हसणं थांबल्यावर त्या म्हणाल्या, “चाल. हिंगणीले जाऊ.” आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

विहारात दुपारची वेळ होती. दोन-तीन बाया फरशीवर बसून तांदूळ निवडत होत्या, यमुनाबाई भिंतीला टेकून होत्या. मॅडम खिडकीपुढे उभ्या राहिल्या. नवीन डोळ्यानं त्या प्रथमच ती पाहत होत्या. “रात्रच हाय रे ही,” त्या म्हणाल्या. मग सुखदेवरावांना बोलावून त्यांनी सरळ विचारलं, खिडकी उतरवून देता का, मी परत करून देते.

सुखदेवराव काही बोलायच्या आत यमुनाबाई बोलल्या. “आमचं चांदनं काऊन काढतं, बाई? उन्हाळ्यात इथं बसलं का जीव गार होते. पोट्ट्या परीक्षेच्या आधी इथं येऊन बसतात. नोको काढू.” बाकीच्या बायांनी तांदळातले हात थांबवले आणि माना हलवल्या. सुखदेवराव म्हणाले, “ताई, गावाले पसंत हाय.”

मॅडम वाद घालण्यात कधी हरल्या नव्हत्या. तिथे त्या वाद घालायला उभ्याच राहिल्या नाहीत. पुन्हा खिडकीकडे वळल्या आणि सहज म्हणून, नवीन डोळा दुखत असावा, त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. आणि तशाच राहिल्या. मग हात डाव्या डोळ्यावर. पुन्हा उजव्या. शेवटी माझा दंड धरून म्हणाल्या, “मास्तर, या जुन्या डोळ्यात अजून पहाट हाय.”

दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरलेली होती. तो डोळाही साफ झाला, की ती पहाट संपणार होती. गावाला ती कधी दिसली नव्हती, मला नाही, कोणालाच नाही. आणि मग मॅडमनाही दिसणार नव्हती. वडिलांचा तो एक शब्द त्यांनी काचेत उतरवला होता आणि तो फक्त त्यांच्या एका आजारी डोळ्याला वाचता येत होता.

मॅडमनी डॉक्टरला निरोप पाठवला: काम चालू आहे, संपल्याशिवाय येत नाही. डॉक्टर चिडली. मॅडमनी तिला चहाला बोलावलं आणि काम काय ते दाखवलं, तेव्हा तिनंच तारीख पुढे ढकलली.

काम असं होतं: त्यांच्या मोतीबिंदूच्या रंगाची काच बनवायची. हाताच्या पंजाएवढी, चपटी. नवीन डोळ्यापुढे ती काच धरली, की जुन्या डोळ्याला दिसतं तेच दिसलं पाहिजे. जुळवायचा डोळा समोर आहे तोवरच जुळवता येणार होतं.

खिडकीतून उरलेल्या काचांचे तुकडे त्यांनी एका चौकटीत लावून उजेडात टांगले. मग मधाच्या रंगाच्या, चहाच्या रंगाच्या काचेचे धागे ओढून, साध्या काचेवर पसरून, भट्टीत वितळवून त्या ताटल्या करू लागल्या. निवली की उजव्या डोळ्यापुढे धरायची, डावा मिटायचा. मग काच बाजूला, उजवा मिटून नुसत्या डाव्यानं पाहायचं. “गड्डद.” बाजूला. “लाल मारते.” बाजूला. “हे तं मुतखड्याच्या काढ्यावानी झालं.” हा माझा प्रयत्न. मी माझ्या मते फार नाजूक रंग साधला होता.

मी त्यांना एवढं तन्मय कधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या मेसवाल्या बाईवर ओरडणंही बंद झालं होतं. बिचारी एकदा काळजीनं विचारायला आली.

हळूहळू रंग जुळला. पण मॅडमचं समाधान होईना. “रंग तोच हाय, पन ह्याच्यातून लई लख्ख दिसते. माहा डोळा एवढा लख्ख नाई.” मोतीबिंदूत धूसरपणाही असतो. आता हे आलं माझ्या वाट्याला. कारण मी घासलेली काच कधीच आरशासारखी होत नसे. बारीक वाळूच्या भुकटीवर, पाण्यात, मी कितीही जीव लावून घासली तरी ती धुरकट यायची. मॅडमनी ती ताटली माझ्या हातात दिली. “घास. तुह्या नेहमीसारखी घास. चांगली करायले जाशील तं मारीन.”

मी घासली. त्यांनी ती डोळ्यापुढे धरली. हा डोळा, तो डोळा. हा, तो.

“झालं,” त्या म्हणाल्या. खोट विचारली नाही.

ठरलेल्या दिवशी मॅडमना दुसऱ्या डोळ्यासाठी दुपारी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. सकाळीच आम्ही विहारात गेलो. ऊन नुकतंच वर आलं होतं, आत कोणी नव्हतं, सगळं निळं. मॅडमनी आधी उजव्या डोळ्यावर हात ठेवून जुन्या डोळ्यानं खिडकी पाहिली. बराच वेळ पाहिली. मग ती काच माझ्या हातात दिली आणि स्वतः बाहेर पायरीवर जाऊन बसल्या.

मी काच डोळ्यांपुढे धरली.

निळं गेलं. पानांच्या फटींतलं आकाश पांढरं झालं, सकाळच्या आधीचं असतं तसं, किंचित दमट पांढरं. मला काळी वाटलेली पानं हिरवी होती. आणि अगदी खाली, जमिनीच्या रेषेवर, एक पिवळी पट्टी होती. तिचे जोड मीच झाळले होते आणि इतके दिवस ती मला कडेची मळकी काच वाटत होती. तिथून उजेड वर चढत होता. मी पन्नास वर्षांचा माणूस, ड्रॉइंग टीचर, पुस्तिकेचा लेखक, विहारात उभा राहून हमसाहमशी रडलो.

बाहेर आलो. मॅडमनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. “भूक लागली हाय, सेलूले पोहे खाऊ,” एवढं म्हणाल्या. मी म्हटलं, डॉक्टरनं परवानगी दिली आहे का? त्या म्हणाल्या, “तुले दिली हाय ना? तू खाजो, मी पाह्यतो.”

दुसरा डोळाही छान झाला. पुढे त्यांनी केलेल्या वस्तू पांढऱ्या, पिवळ्या, हिरव्या होत्या आणि नागपूरचा दुकानवाला हळहळला. ती काच आता विहारात दाराशी एका खिळ्याला टांगलेली असते. सुखदेवराव येणाऱ्याला सांगतात, चांदणं पाहायचं तर असंच पाहा, पहाट पाहायची तर ही धरा. मी अजून शिकतो आहे. दोन मणी सारखे करता येतात, कधी कधी.

पण डोळे मिटले की मला मॅडम दिसतात त्या दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या दिवशी, ऑपरेशनच्या खोलीच्या दारातल्या. व्हीलचेअरवर, अंगात हिरवा झगा, डोक्यावर कागदी टोपी, आणि ढकलणाऱ्या नर्सला चाकं सरळ कशी न्यायची ते शिकवताना. दार उघडलं तेव्हा त्यांनी हात वर करून खुर्ची थांबवली आणि मागे वळल्या. मग नवीन डोळा गच्च मिटला आणि जुन्या डोळ्यानं माझ्याकडे पाहत राहिल्या. नर्सला वाटलं, बाई डोळा मारताहेत. ती हसली.

“काय पाह्यता, मॅडम?” मी विचारलं.

“तुले पाहून घेतो,” त्या म्हणाल्या. “ह्या डोळ्यानं तू बरा दिसतं.”

आणि नर्सला म्हणाल्या, चाल आता.